हारतुरे राहू द्या, आधी वही घ्या

वाचकाचे पत्र : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या साडेतीन हजार वस्तीच्या गावात राहते. आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाले. गावात पेन्शनर पंधरा-सोळा असतील. मास्तर, एसटीचे कंडक्टर, पोस्टमन, तलाठी असे सगळे आहेत. मागच्या साली आम्ही ज्येष्ठांचे मंडळ काढले. उद्घाटनाला साठेक माणसे होती, पाहुणे आले, सत्कार झाले. चौथ्या बैठकीला सात जण उरले. बायका पहिल्या दिवशी आल्या त्या परत आल्याच नाहीत. वर्गणीचे 3,400 रुपये माझ्याकडे पडून आहेत. आता दोघे-तिघे म्हणतात, नोंदणी करा म्हणजे लोक येतील. मला वाटते, नुसते बसण्यापेक्षा काही शिकता-शिकवता यावे. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, नमस्कार.

नोंदणीने माणसे येत नाहीत. साठ माणसे आली होती, म्हणजे गावाला गरज आहे हे तर कळलेच. ती परत आली नाहीत, कारण उद्घाटनानंतर त्यांना करायला काही नव्हते. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांना काम मिळाले आणि बाकीच्यांना ऐकायला भाषणे. भाषण ऐकायला माणूस एकदा येतो, फार तर दोनदा. आपल्यावाचून अडेल असे काही असले तरच तो गुडघे दुखत असतानाही घरून निघतो. म्हणून तुम्ही पत्रात सगळ्यात शेवटी जे लिहिले, शिकता-शिकवता यावे, तिथूनच सुरुवात करा.

ही कल्पना बाहेरच्या जगात चांगली तपासून झालेली आहे. 1973 साली फ्रान्समधल्या तुलूझ शहरात निवृत्त लोकांसाठी विद्यापीठाने वर्ग सुरू केले आणि त्याला ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ असे नाव पडले. तिथे शिकवायला प्राध्यापक होते. पुढे 1980 नंतर ब्रिटनमध्ये केंब्रिजला हीच गोष्ट वेगळ्या रीतीने सुरू झाली : प्राध्यापक नकोत, पगार नको, परीक्षा नको, प्रमाणपत्र नको. ज्याला जे येते ते त्याने इतरांना शिकवायचे आणि स्वतः दुसऱ्याकडून शिकायचे. एकेका विषयाचा आठ-दहा जणांचा लहान गट, त्याचा एक गटप्रमुख, बस. आपल्या खेड्याला ही दुसरी रीत जास्त जुळते. बाहेरून पाहुणा बोलवायचा तर त्याच्या गाडीचे, जेवणाचे, शालीचे बघावे लागते. शेजारच्या आळीतून येणाऱ्या माणसाला यातले काही लागत नाही.

पहिले काम म्हणजे एक दोनशे पानी वही. डावीकडे ‘काय येते’, उजवीकडे ‘काय शिकायचे’. ही वही घेऊन तुम्ही आणि आणखी दोघे, त्यातला एक शेतकरी आणि एक बाई असावी, तीन आठवड्यांत तीस घरे फिरा. ‘तुम्हाला काय येते?’ असे थेट विचारू नका. उत्तर ठरलेले आहे : “मले का येते बाई, मी अडाणी.” त्याऐवजी विचारा, लोक तुमच्याकडे काय विचारायला येतात? मग कळते की एका आजीकडे सगळी आळी सरगुंडे आणि कुरडयांचे प्रमाण विचारायला येते, दुसरीला भुलाबाईची पन्नास गाणी तोंडपाठ आहेत, एक बाबा बैलाची पारख करून देतात, कुणाला जुन्या ज्वारीचे वाण ओळखता येतात, कुणी भजनात पखवाज धरतो. तुमचे तलाठी सातबारा आणि फेरफार वाचायला शिकवू शकतात. तीन पिढ्या शेती करून सातबाऱ्यावरचा ‘इतर अधिकार’ हा रकाना कधी न वाचलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. पोस्टमन पासबुकावरचे नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनीचे नाव, कसे बघायचे ते दाखवू शकतात. कितीतरी खात्यांवर नॉमिनीचे नाव नसते किंवा वारलेल्या माणसाचे असते. ही सभा घेतलीत तर शिल्लक रकमेवर कागद धरून पासबुक दाखवायला सांगा, नाहीतर बायका पासबुके घेऊन येणारच नाहीत.

उजव्या रकान्यात काय भरेल याचा अंदाज सांगतो. मोबाइल सगळ्यात वर येईल. मग देवाधर्माचे, मग गुडघे-कंबर, मग ‘सही करायला शिकायचे आहे’. हे शेवटचे फार हळू आवाजात सांगितले जाते, बहुधा दारापर्यंत सोडायला आल्यावर. ते नक्की लिहून घ्या, पण नावासकट चारचौघांत वाचू नका.

वहीत एक गोष्ट सांभाळा. ‘निवृत्त’ म्हणजे पेन्शनर असे धरलेत तर तुमचा गट पंधरा जणांचाच राहील आणि त्यात बायका दोन असतील. शेतकरी आणि मजूर कधी निवृत्त होत नाहीत; शरीर थकले की शेतातून अंगणात येतात एवढेच. साठ ओलांडलेला कोणीही, पेन्शन असो, श्रावणबाळचे पैसे असोत की काहीच नसो, या वहीत यायला हवा. नावामागे ‘माजी मुख्याध्यापक’, ‘माजी सरपंच’ लिहू नका. हजेरीत हुद्दे आले की बसायच्या जागा आपोआप ठरतात आणि मजुरी केलेला माणूस मागच्या भिंतीला टेकतो.

आता जागा. इथे बरेच गट सुरू होण्याआधीच अर्धे होतात. देवळाचा सभामंडप मोकळा असतो, फुकट असतो, पण गावातल्या काही घरांना तिथे संकोच वाटतो. बुद्धविहारात बैठक घेतली तर दुसऱ्या काही घरांना वाटतो. कुणाच्या वाड्यात घेतली तर त्या घराशी भाऊबंदकी असलेले येत नाहीत. जिल्हा परिषद शाळेची खोली किंवा गावचे सार्वजनिक वाचनालय ही जागा सर्वांत बरी, कारण तिथे सगळ्यांचीच पोरे गेली आहेत. समाजमंदिर सगळ्यांच्या येण्याजाण्यातले असेल तर तेही चालेल. कुठलीही जागा घ्या, ग्रामपंचायतीचा किंवा शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव घ्या, त्यात वार आणि वेळ असू द्या. तोंडी परवानगी निवडणुकीनंतर टिकत नाही. पाण्याचा माठ एक आणि पेले सगळ्यांना तेच, हे पहिल्या दिवसापासून.

जागा बघायला जाताना तुमच्यापेक्षा म्हाताऱ्या एका बाईला सोबत न्या. पायरी सहा इंचांपेक्षा उंच असेल तर मध्ये एक पायरी बांधून घ्या किंवा कठडा लावा. शौचालय वापरण्यासारखे आहे का आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, हे आधी विचारा. बायका दुसऱ्यांदा न येण्याचे हे एक मोठे कारण असते आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. खुर्च्या हातांच्या हव्यात. बिनहाताच्या खुर्चीतून किंवा सतरंजीवरून उठताना आधार लागतो, आणि चारचौघांत आधार मागायची लाज वाटते. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, ऐकू कमी येणारा माणूस गप्प बसतो आणि मग यायचे सोडतो. म्हणून रांगा लावू नका, नालाच्या आकारात बसा, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असे बघा म्हणजे ओठ दिसतात. कागद वाटायचा असेल तर अक्षर 20 पॉइंटचे, काळे, पांढऱ्या कागदावर.

वेळेचे गणित शेतीवर बसवा. जूनचा पेरा, मग डवरण-निंदण, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची सोंगणी म्हणजे कापणी, नोव्हेंबरपासून कापसाची वेचणी. म्हातारी माणसे शेतात गेली नाहीत तरी या दिवसांत घर, नातवंडे आणि ढोरे त्यांच्यावर असतात. सोंगणीच्या दिवसांत बैठक ठेवून पाच जण आले तर गट मोडला अशी बातमी होते. त्यापेक्षा तीन-चार आठवड्यांची सुटी आधीच जाहीर करा आणि पुन्हा सुरू होण्याची तारीख त्याच दिवशी फळ्यावर लिहा. वर्षाची तीन सत्रे पुरतात : निंदणाची घाई ओसरल्यापासून पोळ्यापर्यंत एक लहान, डिसेंबर ते फेब्रुवारी एक मोठे, आणि उन्हाळ्यात एक हलके.

आठवड्याचा वार म्हणून आपल्याकडे बाजाराचा दिवस चांगला. आजूबाजूच्या पोडांवरचे (आदिवासी वस्त्यांवरचे) आणि लहान गावांतले लोक त्या दिवशी येतातच, ऑटो-काळीपिवळीही मिळते. पण बाजार भरायच्या आधी, सकाळी दहा ते साडेअकरा. दुपारून पिशव्या सांभाळत कोणी शिकत नाही. बायकांचा वेगळा गट असेल तर त्यांना दुपारी दोन ते चार बरे पडते. जेवणे-भांडी आटोपलेली असतात, संध्याकाळचा स्वयंपाक दूर असतो. मार्च संपला की वेळ बदला. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा सकाळी साडेदहाला सुद्धा वृद्धांना घराबाहेर काढू नये. पुरुषांना सकाळी सात सोयीचे, मात्र त्याच वेळी बायका वाळवणात असतात, म्हणून उन्हाळ्यात त्यांची बैठक सूर्य कलल्यावर साडेपाचला. संध्याकाळी गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिच्या आधी अर्धा तास संपवा. तीच माणसे तिकडेही जाणार असतात.

पहिल्या सत्रात तीनच गट काढा आणि प्रत्येकाच्या बैठका आठ. आठच का? गटप्रमुख व्हायला माणूस घाबरतो तो कायमचे गळ्यात पडेल म्हणून. आठ बैठकांनंतर मोकळे, असे सांगितले की बहुतेक जण तयार होतात. शिकणाऱ्यालाही मध्येच सोडल्याची लाज न वाटता थांबता येते. एका बैठकीचा वेळ सव्वा तास : वीस मिनिटे दाखवणे, पस्तीस-चाळीस मिनिटे हाताने करणे, उरलेला वेळ चहा आणि गप्पा. निवृत्त शिक्षक गटप्रमुख असतील तर त्यांना हे प्रमाण आधीच शांतपणे समजावून सांगा. त्यांची कळकळ खरी असते, पण तासभर शिकवण्याची सवय हाडांत मुरलेली असते, आणि ज्याने शाळेत मार खाल्ला तो माणूस फळ्यासमोर पुन्हा चौथीत जाऊन बसतो.

तीनपैकी एक गट असा असू द्या की ज्यात बाई शिकवते आणि पुरुष शिकतात. हे पहिल्याच महिन्यात झाले नाही तर बायका चहा करणाऱ्या होऊन बसतात आणि मग त्या घरीच चहा करतात, तुमच्याकडे कशाला येतील? चहाची पाळी हजेरीच्या क्रमाने लावा, पुरुष धरून. बायकांना आणायचे तर एकेकीला बोलावू नका. भजनी मंडळातल्या पाच जणी एकदम येऊ द्या. नातवंडांना आणायची मुभा द्या, कोपऱ्यात खडू-पाटी ठेवा. आणि वही घेऊन घरी गेलात की सुनेशीही दोन शब्द बोला. सासू दोन तास बाहेर गेली तर लेकरू कोण बघणार, हा तिचा प्रश्न खरा आहे; दिवस आणि वेळ पक्की असेल तर ती त्याप्रमाणे कामे लावते.

मोबाइलच्या गटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मागणी त्याला जास्त आणि फसतोही तोच जास्त. वीस जण बसवून एकाने मोठ्याने सांगायचे, असा वर्ग कधीच चालत नाही; प्रत्येकाचा फोन वेगळा, प्रत्येकाची अडचण वेगळी. शिकणारे सहा आणि मदतनीस तीन, याच्यावर जाऊ नका. मदतनीस अकरावी-बारावीची मुले-मुली चालतात, पण स्वतःचा नातू स्वतःच्या आजीला नको. नातू फोन हिसकून घेतो, दोन सेकंदांत करून देतो आणि “समजलं ना?” म्हणतो. मदतनीसाला एकच नियम : हात पाठीमागे. फोन शिकणाऱ्याच्या हातातून सुटायचा नाही.

पहिल्या बैठकीत फक्त आवाज वाढवणे, अक्षर मोठे करणे, चार्जिंग आणि कुलूप उघडणे. दुसरीत फोन लावणे-घेणे आणि चार जवळच्या माणसांचे नंबर फोटोसह साठवणे. फोटो असला की अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लेकीला फोन लावता येतो. तिसरीत व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवणे. सगळ्यात जास्त आनंद या बैठकीत होतो, कारण लिहिता न येण्याची अडचणच उरत नाही. चौथीत फोटो काढून पाठवणे, पाचवीत मराठीत बोलून शोधणे. सहावी पूर्ण फसवणुकीवर. इथे तीन वाक्ये सगळ्यांकडून म्हणून घ्या : पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो; ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, बँकेच्या साहेबालाही नाही; पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. सातवीत ज्यांना हवे त्यांनी एकमेकांना एक रुपया पाठवून बघायचा, आठवीत सगळी उजळणी.

शेतात राबलेल्या माणसाची बोटे कोरडी, भेगाळलेली असतात. पडदा त्यांचा स्पर्श नीट घेत नाही आणि त्याला वाटते आपल्यालाच जमत नाही. बोट जरा ओलसर करून पुसले की बहुधा काम होते. याच कारणाने हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नाही. ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन हयातीच्या दाखल्यात आता चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, तेव्हा नोव्हेंबरमध्ये एक बैठक त्यासाठीच ठेवा. पेन्शनरांची निम्मी धावपळ वाचेल आणि गट उपयोगाचा आहे हे गावाला दिसेल.

अक्षरओळखीचा गट काढाल तर तो दोन-तीन जणींचा, कुणाच्या तरी ओसरीत आणि गाजावाजा न करता. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ हा नवसाक्षरता कार्यक्रम 15 वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे, त्याची पुस्तिका शाळेत मिळते का विचारा. पण बाराखडीपासून सुरू करू नका. स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, गावाचे नाव, एसटीच्या पाट्या आणि आकडे या क्रमाने गेलात तर दुसऱ्या आठवड्यातच काहीतरी वाचल्याचे समाधान मिळते.

तुमच्या स्वतःबद्दल एक सावधगिरी. गाव तुम्हाला सिस्टरबाई म्हणून ओळखते. तुम्ही बीपीचे मशीन काढलेत की रांग लागेल आणि दोन महिन्यांत गटाचा दवाखाना होईल. तपासणी महिन्यातून एकदा, बैठकीआधी अर्धा तास, आणि शक्यतो उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या हातून. पाच मिनिटे शांत बसवून, चहा-तंबाखूला अर्धा तास झालेला असताना, हे तुम्हाला सांगायला नको. पण घाईच्या रांगेत नेमके हेच राहून जाते आणि चुकीचे आकडे घेऊन माणसे घाबरतात. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्यायची एक बैठक मात्र जरूर घ्या. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, त्यावर कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचारांची सोय आहे. त्यासाठी आधार कार्डावरची जन्मतारीख आधी तपासा. जुन्या माणसांच्या कार्डांवर बऱ्याचदा 1 जानेवारी असते, त्याने अडत नाही, पण वर्ष चुकले असेल तर अडते.

पैशांचे. ते 3,400 रुपये आधी निकाली काढा, कारण गावात याची चर्चा होत असणारच. कोणी किती दिले त्याची यादी करा, ती ग्रामपंचायतीच्या फलकावर पंधरा दिवस लावा, ज्याला परत हवे त्याला सही घेऊन परत द्या. फार थोडे मागतील. उरलेल्यातून एक पांढरा फळा आणि चार्ज होणारा साधा माइक-स्पीकर घ्या. पुढची वर्गणी महिन्याला 20 रुपये ठेवा. फुकट ठेवू नका. वीस रुपये देणारा माणूस हक्काने विचारतो, न देणारा पाहुण्यासारखा बसतो. ज्याला जमत नाही त्याच्याकडून चहाची पत्ती, फुले, झाडलोट यातले काहीही चालेल, आणि हे फक्त हिशेब ठेवणाऱ्यालाच माहीत असू द्या.

आता गणित बघा : 25 जणांचे महिन्याला 500 रुपये. पंचवीस अर्ध्या कपांचा, म्हणजे दोन लिटर चहा करायचा तर लिटरभर दूध, चहापत्ती, साखर, आले मिळून शंभराच्या आसपास लागतात. चार बैठकांचे 400 गेले. म्हणजे बहुतेक सगळी वर्गणी चहातच. म्हणून चहाचा डबा वेगळा ठेवा, पिणाऱ्याने त्यात पाच रुपये टाकावेत. साखर वेगळ्या वाटीत, कारण अर्ध्यांना ती चालत नसते. वर्गणी झेरॉक्स, मार्कर, दिवाबत्ती यासाठी राहू द्या. हिशेब दर महिन्याच्या पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचायचा, दोन मिनिटांत. कुणाच्याही वैयक्तिक फोन-पेवर वर्गणी घेऊ नका. एकाच्या खात्यात पैसे दिसले की संशय येतो, मग तो माणूस कितीही सरळ असो.

नोंदणी वर्षभर थांबवा. सात सभासद जमले की 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदता येते आणि महाराष्ट्रात तिच्यावर 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागू होतो. कचेरी जिल्ह्याला, धर्मादाय आयुक्तांची. अवघड आहे ते नंतरचे : दरवर्षी हिशेब तपासून दाखल करायचे आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अहवाल द्यायचा. हे राहिले की कागदावर जुनीच नावे राहतात, त्यातले एखादे वारतात, दोन गट भांडतात आणि बँक खाते अडकते. अनुदान घ्यायचे असेल, स्वतःची इमारत हवी असेल तेव्हा नोंदणी करा. तोवर वाचनालयाचा उपक्रम म्हणून चाला. नोंदणीनंतर राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ असलेल्या फेस्कॉमशी जोडून घेता येते; कायदे, शासननिर्णय, सवलती यांची माहिती तिथून मिळत राहते. दरम्यान 14567 हा ज्येष्ठांसाठीचा फोन क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. मुलाने घराबाहेर काढले, जमीन लिहून घेतली, अशा तक्रारी बैठकीत निघतील. त्या चारचौघांत सोडवायला जाऊ नका. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे निर्वाहाचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात होतो, एवढे सांगा आणि सोबतीला एक माणूस द्या.

गट मोडणाऱ्या गोष्टी आपल्याकडे ठरलेल्या आहेत. निवडणुकीच्या आधी कोणीतरी खुर्च्या भेट द्यायला येतो आणि पाठीवर नाव रंगवून देतो. आभार माना, घेऊ नका. विमा, भिशी, दामदुप्पट योजना विकणारा सभासद म्हणूनच शिरतो, कारण निवृत्तीच्या पैशाचा वास त्याला लागलेला असतो. त्यासाठी पहिल्याच दिवशी ठरवा की इथे कोणी काही विकणार नाही आणि सभासद एकमेकांना उसने देणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त बैठकीची वेळ आणि सभासदांची खबर. देवाचे फोटो आणि पक्षाचे निरोप एकदा सुरू झाले की महत्त्वाची सूचना त्यात बुडते. सत्कार वर्षातून एकदाच, शाल-श्रीफळाशिवाय. आणि सगळ्यात हळू पसरणारे दुखणे म्हणजे सगळे काम एकाच माणसावर येणे. ते बहुधा तुमच्यावरच येईल, ताई. किल्ली एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, फळा तिसऱ्याकडे असे पहिल्यापासून वाटून द्या आणि दर सत्राला बदला. तुम्ही पंधरा दिवस लेकीकडे गेलात तरी बैठक झाली, तर गट उभा राहिला समजा.

गैरहजेरीकडे बारीक लक्ष असू द्या. एखादा माणूस दोन बैठका आला नाही तर तिसरीच्या आधी कोणीतरी घरी जाऊन यायचे, आणि ‘का आला नाहीत’ असे न विचारता त्या दिवशी काय झाले ते सांगायचे. आजारी असेल तर कळते, रुसला असेल तर सुटते. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड द्या : नाव, चालू औषधे, घरचे दोन नंबर.

पहिले मोठे सत्र पार पडले की फेब्रुवारीत एक दिवसाची सहल काढा. राज्य परिवहनच्या गाडीत 75 वर्षांपुढे प्रवास मोफत आहे, 65 ते 75 ला अर्धे तिकीट आणि महिलांना कोणत्याही वयात अर्धे, म्हणून खासगी गाडी करायची गरज नाही. सोबत आधार कार्ड हवे. सेवाग्राम किंवा गुरुकुंज मोझरी चांगले. एकच ठिकाण, दुपारी दोन तास आराम, अंधाराआधी परत. दोन-तीन ठिकाणे एका दिवसात बसवली की निम्म्यांचे पाय सुजतात आणि पुढच्या सहलीला घरचे सोडत नाहीत.

वाढ मोजायची ती सभासदांच्या आकड्यावर नको, गटांच्या संख्येवर मोजा. गटात बारा झाले की नवे नाव घेण्याऐवजी दुसरा गट सुरू करा आणि त्याला प्रमुख पहिल्या गटातला द्या, शक्यतो जो शिकणारा म्हणून आला होता. दुसऱ्या वर्षी विषय पसरू द्या : गावच्या जुन्या विहिरी, शेतांची नावे आणि वाण यांची नोंदवही, हिवाळ्यात तळ्यावरचे पक्षी, रात्री अंगणात कृत्तिका आणि मृगाची ओळख. नक्षत्रांवर पेरणी करणाऱ्या माणसांना आकाशात ती दाखवता आली की ती दुसऱ्याच दिवशी नातवाला घेऊन येतात.

शेजारच्या गावांतून विचारणा येईल तेव्हा तिथे शाखा काढू नका. त्यांच्यातले दोघे, त्यात एक बाई असावी, तुमच्याकडे एक सत्र येऊ द्या. मग त्यांना त्यांची वही, त्यांचा वार, त्यांचे नाव स्वतः ठरवू द्या. तुम्ही मोबाइलचे मदतनीस पहिल्या दोन बैठकांना पाठवा आणि त्यांच्याकडचा एखादा जाणकार आपल्याकडे आठ बैठकांसाठी मागून घ्या. चार गावे झाली की वर्षातून एकदा, जानेवारीत, बाजार नसलेल्या दिवशी तालुक्याला एकत्र जमा : प्रत्येक गावाने एक गोष्ट वीस मिनिटांत करून दाखवायची, डबे घरून, व्यासपीठ नाही.

वही कोणती घेतली आणि पहिल्या तीस घरांत काय निघाले, ते सोंगणी आटोपल्यावर कळवा. उजव्या रकान्यात आम्ही न लिहिलेले काही निघाले तर त्याच्या गटाची आखणी पुढच्या उत्तरात करून देऊ.